आबांच्या तोंडून एकदा तरी

जालिंदर आबांसमोर ताजमहालाचं नाव काढू नये. मी एकदा काढलं होतं. आग्र्याहून नुकताच परत आलो होतो आणि कौतुक पोटात मावत नव्हतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "त्याच्या चारी अंगानं पाणी हाय का?"

"न्हाई. मागं नदी हाय."

"मग आपलं कंकालेश्वराचं देऊळ बघा, गुरुजी. तळ्यात हुबं हाय. चारी अंगानं पाणी."

ताजमहाल तिथंच निकालात निघाला. आबांनी बशी उचलली आणि उरलेला चहा शांतपणे संपवला.

आबा म्हणजे बीडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे गृहस्थ. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. तुम्ही जगातली कुठलीही गोष्ट सांगा, तिच्यापेक्षा सरस वस्तू ते बीड जिल्ह्यातून काढून देणार. महाबळेश्वरची थंडी? "नारायणगडावर पहाटं जाऊन बघा, दात वाजत्यात." काश्मीरचं सफरचंद? "बालाघाटाचं सिताफळ खाल्लंय का?" एकदा कुणीतरी चंद्रावरच्या खड्ड्यांचा विषय काढला. पुढचं मी सांगत नाही, आम्हाला त्याच रस्त्यानं रोज जावं लागतं.

या सवयीचा सगळ्यात जास्त ताप झाला त्यांच्या मुलाला, नितीनला. नितीन जर्मनीत नोकरीला. गेला तेव्हा पोरगं उत्साहानं फोनवर सगळं दाखवायचं. बर्फ दाखवला, तर आबा म्हणाले, "आष्टीला गारा पडल्या तवा याच्या दुप्पट थर होता." नदी दाखवली, तर म्हणाले, "पालीला बिंदुसरेचं धरण भरून वाहायला लागलं की हिच्याकडं कोण बघतंय?" हळूहळू नितीननं दाखवणं सोडलं. गेल्या वर्षी त्यानं तिकडंच घर घेतलं. "आबा, घर दाखवतो," म्हणाला. आबांनी फोन बायकोच्या, म्हणजे मंदावहिनींच्या, हातात दिला आणि सरळ दुकानात जाऊन बसले. तेव्हापासून फोन वहिनींनाच येतो. आबा त्या वेळी टीव्हीचा आवाज मोठा करतात आणि कान मात्र फोनकडं ठेवतात.

"येतंय परत," ते आम्हाला सांगायचे. "घर घेतलं म्हून काय झालं? इकायला किती येळ लागतो? बीडसारखं हाय का तिथं काई?"

आम्ही मान डोलवायचो आणि पाठ वळली की हसायचो.

आम्ही म्हणजे मी आणि रशीदभाई. रशीदभाईंचं फळांचं दुकान आहे. आम्ही दोघं एका वर्गातले. मी पुढं मास्तर झालो, तेवढा एक अपघात सोडला तर आमच्यात फारसा फरक नाही. रशीदभाईंनी एक पणच केला होता की मरायच्या आत आबांच्या तोंडून बाहेरच्या एका तरी वस्तूला 'चांगलं हाय' म्हणवून घ्यायचं. त्यासाठी त्यांनी आबांना हैदराबादची बिर्याणी खिलवली, म्हैसूरचा राजवाडा दाखवला. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस ते डोळे चमकवत माझ्याकडं आले.

"अंदमानला जायचं. समुद्राच्या तळाला. स्कूबा."

"या वयात? कावून?"

"आरं, तोंडात नळी घालत्यात बे! माणसाला बोलताच येत न्हाई. आबा बघतील अन् गप बसतील. गप बसले की कौतुक आत उतरंल."

बेत भयंकर होता, म्हणून मला लगेच पटला. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींतून आणखी चार-पाच जण तयार झाले. आबा तर सगळ्यात आधी तयार झाले. त्यांना समुद्र बघायचा नव्हता. समुद्राचं काय चुकतं ते त्यांना बघायचं होतं.

विमान उडालं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटले होते. शेजारून आवाज आला, "आष्टीच्या गाडीत पाय लांब करता येत्यात." पुढं बोटीनं हॅवलॉक बेटावर उतरलो. पांढरीशुभ्र वाळू, निळं-हिरवं पाणी. आमची सगळी मंडळी लहान पोरांसारखी ओरडत धावली. आबांनी वाळूची चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि खाली टाकली. "बांधकामाला न्हाई चालायची. वाळू म्हंजी आपल्या सिंदफणा नदीची." संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडाला. रशीदभाई आशेनं आबांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सूर्य आपल्याकडं मोठा दिसतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पाणबुडे करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो रबरी पोशाख घालणं हाच एक स्वतंत्र खेळ होता. मला दोघांनी ओढून त्यात बसवलं. आबांचं पोट आत गेलं तेव्हा पाठीची चेन बंद होईना, आणि चेन बंद झाली तेव्हा आबांना श्वास घेता येईना. टोपी काढायला मात्र ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नावाड्याच्या ताब्यात दिली आणि त्याला तीनदा बजावलं.

शिकवणाऱ्या बाई तिथल्याच होत्या, चांगल्या दणकट. कंबरभर पाण्यात उभं करून त्या नळीतून श्वास घ्यायला शिकवत होत्या. आबांनी नळी तोंडातून काढली.

"मॅडम, हमारे उधर पाली को तलाव हय. उसमें मरळ मच्छी हय. इत्ती बडी!"

"अंकल, मुँह से साँस लेनी है, बात नहीं करनी है."

आबांनी नळी तोंडात घातली, पुन्हा काढली. "बात किये तो?"

"पानी अंदर जाएगा."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आबांना बोलण्याचा तोटा इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितला होता. रशीदभाईंना एवढं हसू आलं की त्यांच्याच नाकात पाणी गेलं.

मग आम्ही एकेक करून खाली गेलो. प्रत्येकाला पाठीमागून एकानं धरलेलं. मी खाली गेलो आणि कान दुखणं, भीती, सगळं विसरलो. प्रवाळाचे डोंगर होते, जांभळे, पिवळे. निळ्या माशांचा थवा माझ्या चष्म्यासमोरून निवांत गेला. थोड्या अंतरावर आबा दिसले. हात-पाय पसरून ते पाण्यात नुसते तरंगत होते. एक छोटा पट्ट्यापट्ट्यांचा मासा त्यांच्या बोटांशी घोटाळत होता आणि आबा बोट हलवत नव्हते. रशीदभाईंनी माझ्याकडं बघून दोन्ही हात हवेत, म्हणजे पाण्यात, उंचावले. जिंकलो!

वर आलो. सगळे होडीत चढले आणि एकदमच बोलायला लागले. आबा टोकाला जाऊन बसले. केस ओले, टोपी नाही, त्यामुळं ते एकदम वेगळेच, म्हातारे दिसत होते.

"मग आबा?" रशीदभाईंनी हात चोळत विचारलं. "कसं वाटलं? पालीला हाय का असलं?"

आबांनी नावाड्याकडून टोपीची पिशवी घेतली आणि मांडीवर ठेवली.

"खाली गेलो अन् बिंदुसरा आठवाय लागलो," ते म्हणाले. "आठवलीच न्हाई. घर न्हाई, दुकान न्हाई. काईच न्हाई आठवलं, रशीद." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुजी, नित्याचं बी असंच झालं असंल ना? ते काई आता परत येत न्हाई."

रशीदभाईंचे चोळणारे हात थांबले. इतकी वर्षं आम्ही ज्याला गंमत समजत होतो, ते आबांचं पोराशी चाललेलं भांडण होतं. पोराला परत आणायला त्यांनी एकट्यानं जिल्हाभरातलं सगळं पणाला लावलं होतं आणि त्यांनी ते हरावं म्हणून आम्ही त्यांना इतक्या लांब घेऊन आलो होतो. मला फार वाईट वाटलं. रशीदभाईंना तर काय करावं कळेना. ते घाईघाईनं म्हणाले, "आबा, पाणी खारट हाय हो. आपल्या बिंदुसरेचं कसं गोड!"

"असू दे," आबा म्हणाले.

हॉटेलवर आल्यावर ते कपडेही न बदलता आत शिरले. इंटरनेट फक्त दाराजवळच्या बाकड्यापाशी मिळायचं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "नित्याला लावून द्या. तोंड दिसतंय तसला."

नितीन घाबरलेलाच दिसला. तिकडं नुकतं उजाडलं होतं. "आबा? काय झालं? बरं हाय ना?"

"बरा हाय. तुझं घर दाखव."

पलीकडं नितीन उठून उभा राहिला. मग फोन फिरायला लागला. स्वयंपाकघर, लाकडी जिना, खिडकीबाहेर पांढरं पडलेलं अंगण. रशीदभाई आणि मी मागं उभे होतो. बर्फ दिसला तरी आबांनी गारांचं नाव काढलं नाही. "हळू फिरव," एवढंच म्हणत राहिले.

जिन्याखाली एक बंद दार होतं. "ही कुणाची खोली?"

"तुमची," नितीन म्हणाला.

दार उघडलं. आत दोन बुटक्या खाटा, खिडकीपाशी एक खुर्ची, भिंतीला टोपी अडकवायची खुंटी.

"आईचे गुडघे दुखत्यात म्हून खाटा बुटक्या घेतल्या. जिना चढाय लागू नये म्हून खालीच केली."

"कधी केलीस?"

"घर घेतलं तवाच. आईला ठाव हाय."

"मग तिनं मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी ऐकून घेतलं असतं का, आबा?"

आबांनी फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला आणि ती खोली कानाकोपऱ्यासकट बघितली. रशीदभाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

"खिडकी कुठल्या तोंडाला?"

"उगवतीला."

आबांनी ओल्या बाहीनं डोळे पुसले.

"चांगली हाय," ते म्हणाले. "लई चांगली हाय."