पित्ताच्या पिशवीचे वकील

आमच्या शेजारचे रंगनाथअण्णा कुणाला काही टाकून देऊ देत नाहीत. मी तडकलेली बादली घेऊन उकिरड्याकडे निघाले की भिंतीपलीकडून प्रश्न येतो, "तिची बाजू ऐकलीस का?" कमलनगरच्या बाजारात भाजीवालीनं किडकं वांगं फेकलं, तर अण्णांनी तिथंच वांग्याची वकिली केली. "अर्धं चांगलं हाय की. अर्ध्यापायी सगळ्याला शिक्षा कामून?"

अशा माणसाच्या पोटातलीच एक वस्तू काढायची वेळ आली.

स्टँडवर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीभजी खाऊन अण्णा उजव्या बरगडीखाली हात दाबून मटकन बसले. कळ पाठीतून थेट खांद्यात. त्यांना मूलबाळ नाही, बायको शेवंता गेल्या उन्हाळ्यात वारली, म्हणून मीच त्यांना जीपमध्ये घालून उदगीरला नेलं. सोनोग्राफीत दिसलं, पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली.

"काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"खडे काढा. पिशवीनं काय केलंय?"

"खडे तिच्यातच होतात, अण्णा. ती ठेवली तर पुन्हा होतील."

"हिरीत दगूड पडला म्हणून हीर बुजवता का तुमी?"

डॉक्टरांनी हसू आवरून समजावलं. पिशवीला सूज आहे. एखादा खडा सरकून नळीत अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंड सुजलं तर जिवावर बेतेल. आणि पित्त तयार होतं यकृतात. ही नुसती साठवण. नसली तरी खाल्लेलं पचतं.

"म्हंजे गरीब बिचारी दुसऱ्याचा माल सांभाळायलीय, आन् तुमी तिलाच हाकलायलाव," असं म्हणून अण्णा उठले ते जीपकडे चालू लागले.

मग भजी सुटली, भाकरी आणि पातळ वरण सुरू झालं. तरी कळ आली, आता तापासकट. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "चला अण्णा, जीप आलीय."

"म्हशीची धार कोण काढंल?"

"मी. जन्म गेलाय माझा धारा काढण्यात."

"तुला देत न्हाई ती."

"कामून देत न्हाई?"

अण्णांनी आत जाऊन एक हिरवं लुगडं आणलं. "शेवंताचं हाय. अंगावर हे असल्याबिगर पान्हा सोडत न्हाई. पहाटं दार लावून नेसतो मी. हसू नको."

मी हसले. एवढ्या मोठ्या मिशा आणि त्यावर पदर. अण्णाही हसायला लागले, पण बरगडीखाली चमक आली म्हणून आवरतं घेतलं. "तेवढं धुऊ नको," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बाहेरगावी असलेला त्यांचा पुतण्या येऊन दवाखान्यात त्यांच्यापाशी थांबला. इकडे मी पहिल्या दिवशी लुगडं गुंडाळून धार काढली. दुसऱ्या दिवशी डबा पाठवायच्या घाईत विसरलेच. लक्षात आलं तेव्हा चरवी भरत आली होती आणि म्हैस निवांत रवंथ करत होती. मग ते लुगडं खुंटीवरच राहिलं.

घरी आल्यावर अण्णा पोट धरून आधी गोठ्यात गेले.

"लुगड्याबिगर दिलं का गं दूध?"

"थेंब न्हाई," मी म्हणाले. "लई हट्टी हाय."

"हायच तशी," अण्णा म्हणाले. लुगडं खांद्यावर घेतलं आणि गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.