वाल्मीकअप्पांचं ऊन

“अप्पा, लाइट आली! लाइट आली!” लहानपणी मोहिनी ओट्यावरून अशी ओरडायची, की गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहायची. निफाडजवळच्या त्या गावात आता लाइटही येत नव्हती आणि मोहिनीही. लाइट गेली, कारण गावाचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला होता. मोहिनी गेली, कारण तिनं आपल्या मनानं नामपूरच्या मुलाशी लग्न केलं आणि वाल्मीकअप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं, “आम्हाला पोरगीच नव्हती समजा!”

तेव्हापासून अप्पा मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे. तो वाजला नाही. आता तर डीपी जळाल्यापासून चार्जिंगअभावी मेलाच होता.

मग अप्पा नाशकात गेले आणि उन्हावर चालणारा चार्जर घेऊन आले. तंबाखूच्या डबीएवढा, वर काळी काच!

“आता वीजमंडळ गेलं उडत!” त्यांनी जाहीर केलं. “सूर्यच आपल्याकडं कामाला ठेवलाय!”

“एवढी कसली घाई व्हती?” नवसाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“द्राक्षाचा भाव कळाया नको?”

द्राक्षं केव्हाच खुडून झाली होती.

घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लागतं. नवसाबाईंनी चार्जर देवापुढं ठेवला, काचेवर ओल्या कुंकवाचं भलंथोरलं स्वस्तिक काढलं, वर हळदीची बोटं ओढली आणि तो गच्चीवर कुरडयांच्या शेजारी मांडला. अप्पा दिवसभर जवळ बसून राहिले, जणू गाय व्यायला झालीय! चैताचं ऊन असं, की वाऱ्यालाही चटके बसावेत. अप्पांची टाळू चार्ज झाली, मोबाइल मेला तो मेलाच. सूर्य कलल्यावर अप्पांचं लक्ष काचेकडे गेलं.

“अगं, याला ऊन लागतं, मळवट नाय!”

“मला काय ठाऊक? ट्रॅक्टरला तर चालतं की!”

काच पुसली आणि दुसऱ्या दिवशी चार्जरचा दिवा पेटला! झालं, आळी मोबाइल घेऊन दारात. अप्पांनी साफ सांगितलं, “एकालाबी मिळणार नाय. माझा महत्त्वाचा फोन यायचाय.”

“ऊन काय तुमच्या सातबाऱ्यावर चढलंय का?” शेजारच्या सिंधुबाईंनी विचारलं.

पण मग विपरीतच घडू लागलं. अप्पा चहाला खाली उतरले, की वर त्यांचा मोबाइल कुरडयांत लोळत पडलेला आणि चार्जरच्या पिनेला सिंधुबाईंचा! एकदा झालं, पुन्हा झालं.

“उन्हाची चोरी!” अप्पा भर आळीत गरजले.

“तुमच्या गच्चीवर चढाया मी काय खारूताई हाय?” सिंधुबाई उलट गरजल्या. “माझा मोबाइल मी मैतरणीकडं दिलाय. कुणाकडं, ते तुमच्याच घरात इचारा!”

रागाच्या भरात अप्पांना शेवटचं ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दुपारी ते वाळवणावरचं धोतर अंगावर ओढून कुरडयांच्या रांगेत आडवे झाले. मोठ्या पापडासारखे तापत पडून राहिले. एवढ्यात बांगड्या वाजल्या. एक हात पिनेकडे सरकला. अप्पांनी झडप घातली, दोघं कुरडयांवर कोसळले आणि वर्षाची बेगमी कुर्रकन भुगा झाली!

हात नवसाबाईंचा होता.

“तू? घरचा मोबाइल उपाशी, अन् शेजारणीच्याला जेवण?”

तेवढ्यात सिंधुबाईंचा मोबाइल अप्पांच्या मुठीत वाजू लागला.

“थांब, कापतोच आता!”

नवसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. “कापू नका. मोहिनी हाय.”

अप्पा मोबाइलकडे बघत राहिले.

“हिकडं कशी काय?”

“पयल्यापासून हिकडंच करती. तुम्ही मळ्यात गेले, की मी सिंधुबाईकडं जाऊन बोलती. डीपी जळाला तसा तोबी बंद पडला. म्हणून मी…”

“माझ्यावर का नाय करत?”

नवसाबाईंनी साडीला चिकटलेला कुरडईचा चुरा झटकला. अप्पांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि ते बाजूला सरकले. चार्जरवर त्यांचीच सावली पडत होती.

“इचारती तरी का गं माझं?”

रिंग वाजतच होती.

“नाय,” नवसाबाई म्हणाल्या. “एकदाबी नाय. म्हणूनच ह्या फोनचं तुमाला सांगत नव्हते.”