तीन नग, नाजूक

घर बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक नागरिकाने बांधकाम खात्याच्या अर्जातील नवव्या रकान्यात भिंतीचे साहित्य नमूद करावयाचे असते. नागरिकाला विचार करण्याचा त्रास होऊ नये म्हणून खात्याने तिथे दोनच पर्याय छापलेले आहेत : वीट आणि दगड. चौकातल्या चष्मेवाल्यांनी दोन्हींवर काट मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक, सुवाच्य अक्षरात खरं काय ते लिहिलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

चष्मेवाले भाड्याच्या खोलीत राहत. वर पत्रे होते. त्यांची म्हातारी आई सकाळी अकरा वाजल्यापासून डोक्यावर ओला पंचा घेऊन भिंतीशी बसे आणि म्हणे, "अरे, तू मला तळतोयस की वाफवतोयस, तेवढं तरी ठरव."

ठरवलं बायकोने. त्या शाळेत विज्ञान शिकवत. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकात एक अडकवून उभे करायचे, आत लोखंडी गज घालायचे आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. थर्माकोल नंतर काढायचा नाही. ऊन बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. शिवाय ठोकळे इतके हलके, की नवराबायकोला स्वतःच्या हाताने रचता येतात.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज तीनदा वाचला.

"थर्माकोल? टीव्हीच्या खोक्यात असतो तो?"

"त्याच जातीचा, पण घट्ट. आणि आत काँक्रीट."

"मग भिंत कशाची म्हणायची?"

"दोन्हींची."

"दोन्ही असा रकाना नाही हो," कारकून कळवळून म्हणाला. शेवटी त्याने 'साहित्य पाहणीअंती ठरवावे' असा शेरा मारला आणि काम सुरू करायला परवानगी दिली.

पाया झाला होता. शाळेला सुट्टी लागली आणि दोघांनी ठोकळे रचायला घेतले. बाई पुस्तिका वाचत, चष्मेवाले ठोकळे दाबून बसवत. जन्मभर काचांचे पाव-पाव नंबर तपासलेला माणूस. ओळ केसभर वाकडी गेली तरी त्यांना खुपायची. वारा सुटला की एखादा ठोकळा उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाई आणि शेजारी वरून ओरडत, "अहो, तुमची बेडरूम आली आमच्याकडे!"

आठवड्याभरात पांढऱ्याशुभ्र भिंती उभ्या राहिल्या. काँक्रीट ओतण्याआधी पाहणीसाहेबांना बोलावणं नियमाने भाग होतं. साहेब आले, हात मागे बांधून एक फेरी मारली.

"भिंती कुठे आहेत?"

"ओतायच्या आहेत साहेब. आतले गज तेवढे बघून घ्या, एकदा ओतल्यावर दिसणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"मॅडम, आम्ही झालेलं काम बघतो. व्हायचं काम बघायला आम्ही ज्योतिषी नाही. ओतल्यावर बोलवा."

ओतण्याचा दिवस चष्मेवाले जन्मात विसरणार नाहीत. पंपाची नळी भिंतीत गेली, घुर्र आवाज झाला आणि बाई हातातल्या घड्याळाकडे बघत ओरडू लागल्या, "सावकाश! थराथराने!" तरी कोपऱ्यातला एक ठोकळा पोटुशीसारखा फुगू लागला. चष्मेवाल्यांनी मागेपुढे न पाहता त्याला पाठ लावली. फळी आणि टेकू येईपर्यंत चांगली वीस मिनिटं ते आपलं घर पाठीवर घेऊन उभे होते. तोंडावर मात्र असं हसू होतं की आईने बाहेरून विचारलं, "याला ऊन लागलं का ग सूनबाई?"

साहेब दुसऱ्यांदा आले.

"भिंती कुठे आहेत?"

"आत."

"दिसत नाहीत."

"मी तेच म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"एका जागी थर्माकोल कापून दाखवतो," चष्मेवाले काकुळतीला आले.

"कापलात तर नकाशाप्रमाणे बांधकाम नाही, असं लिहावं लागेल."

चार दिवसांनी नोटीस आली. 'सदर भूखंडावर भिंती आढळून आल्या नाहीत. केवळ पॅकिंगचे साहित्य आढळले. ते तीस दिवसांत हलवावे, अन्यथा खाते हलवील.'

तोवर छत घालून झालं होतं आणि भाड्याची खोली सोडली होती. तिघं त्या पॅकिंगमध्ये राहायला आले. आईने पंचा वाळत घातला तो पुन्हा भिजवलाच नाही. ती दुपारी झोपू लागली, दोन घास जास्त जेवू लागली. चष्मेवाले तिच्याकडे बघत आणि दिवस मोजत.

एकतिसाव्या दिवशी भर दुपारी साहेब फाइल घेऊन दारात उभे राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"आधी बस बाबा," आई म्हणाली. "घर काय, पाणी प्यायल्यावर पण पाडता येईल."

साहेब बसले, पाणी प्यायले आणि पोटावर फाइल ठेवून खुर्चीतच झोपले. दोन तासांनी जागे झाले.

"पंखा कोणत्या कंपनीचा?"

"पंखा अजून बसवलाच नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी छताकडे पाहून खात्री केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाडावं असं मला वाटत नाही. पण मी कागदाबाहेर जाऊ शकत नाही." त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि चेहरा उजळला. "पॅकिंगमध्ये माल असेल, तर तो असेपर्यंत पॅकिंग हलवता येत नाही! आत माल काय आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी आहे," आई म्हणाली.

साहेबांनी लिहिलं : 'गोदाम. माल : तीन नग, नाजूक. पैकी एक जुना.'

"मी माल?" बाई ताडकन उठल्या. "बावीस वर्षं मी मुलांना सजीव-निर्जीव शिकवतेय!"

"मॅडम, फक्त कागदावर."

सही चष्मेवाल्यांची हवी होती. त्यांनी आईकडे पाहिलं. ती पुन्हा आडवी होण्याच्या बेतात होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे वर लिहिलेलं वाचता येणार नाही, आणि सही केली.

गोदाम म्हटल्यावर आवक-जावक वही आली, आणि दाराशी वजनकाटा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नगाने वजन करून वहीत नोंद करायची. पहिल्या आठवड्यात शेजारी गॅलरीतून पोट धरून हसले. दुसऱ्या आठवड्यात उन्हाचा कडाका वाढला आणि ते बायकोमुलांसह खाली आले, काट्यावर चढले, सही करून गारव्याला बसले. मग गल्लीतले इतर आले. त्यातले काही पुढे 'नाजूक' असा शेरा मिळावा म्हणून भांडू लागले, कारण नाजूक मालाला खुर्ची मिळायची.

वहीत आता दोनशे बारा नोंदी आहेत. 'मी माल नाही, माणूस आहे' असं एकानेही लिहून दिलेलं नाही. तुम्ही दिलं असतं, याबद्दल आम्हाला शंका नाही. तेव्हा एखाद्या दुपारी या. फक्त चपला काढून काट्यावर चढा, चपलांसकट वजन धरत नाहीत.