लोखंड कमी हाये

बोरकुटेभाऊ कुणाला रामराम करत नसत. समोरच्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, आत डोकावायचं आणि निकाल द्यायचा, "लोखंड कमी हाये." मग समोर वासरू असो, बकरी असो की माणूस. नागभीडपुढच्या त्या गावी मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. हातातली ट्रंक अजून खाली ठेवायची होती.

गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर, आणि माझे शेजारी. वय पन्नाशीचं, घरात एकटे. गावातल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा हे मध्यस्थ होते. चहा यायच्या आधीच त्यांनी नवरदेवाची पापणी ओढली. लग्न मोडता मोडता वाचलं. त्या दिवसापासून गावानं त्यांना 'लोखंडे' हे आडनाव बहाल केलं. भाऊंना त्याचा राग नाही. उलट मला म्हणाले, "बराबर नाव ठेवलं. गावाले अक्कल हाये थोडी."

गुटगुटीत पिलू पाहून लोक खूश व्हायचे, भाऊंचा मात्र चेहरा उतरायचा.

"दुधात लोखंड नसल्यासारखंच असते, गुरुजी. पिल्लू नुसत्या दुधावर ठेवलं त अंगात चरबी साचते. ते जाळाले चांगलं रगत पाह्यजे, अन् रगताले लोखंड. चुलीत लाकडं कोंबली, पण फुकनी नाई. मंग पेटन कशी?"

मी मान डोलवायचो. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग सरकारनं गावाबाहेर विलायती डुकरांचं केंद्र काढलं. पांढरीशुभ्र डुकरं, सिमेंटची फरशी, रोज फिनाईलनं धुलाई. शहरातून आलेल्या साहेबांचा हुकूम होता, "मातीचा कण दिसता कामा नये." पिलं जन्मली, दोन आठवड्यांत टम्म झाली, आणि मग एकेक धापा टाकत मरू लागली. तिकडे टेकडीखालच्या गोंडवस्तीत गावठी डुकरं लाल मातीत लोळत होती, पिलं ती माती खात होती आणि नुसती उंडारत होती. आमच्या भागात टेकडीचा दगडसुद्धा लोखंडाचा. एवढं असून ही विलायती पिलं लोखंडावाचून मरत होती, असं भाऊंचं म्हणणं.

त्यांनी एका आजारी पिलाच्या कानातलं रक्त बाटलीत घेतलं आणि स्थिर ठेवलं. थोड्या वेळानं खाली थोडं फिकट लाल बसलं आणि वर पांढरट पाणी राहिलं. बाटली घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले.

"पाहा साहेब, रगतात चरबी तरंगून राह्यली. टेकडीची माती टाकू द्या जरा."

"अहो कंपाउंडर, एवढी गुबगुबीत पिलं, त्यांना कसली आलीय कमतरता?"

"गुबगुबीत हायेत म्हणूनच भेव लागते, साहेब."

साहेब हसले. हसण्यावारी नेणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग असावा.

सहा पिलं उरली होती. साहेबांच्या नकळत भाऊ रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन टेकडीची माती आणू लागले. पिलं तिच्यावर तुटून पडत. चौथ्या दिवशी त्यातली दोन आपणहून दाराशी आली. त्यांच्या कानांवर गुलाबी झाक होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. भाऊ त्या दिवशी हसले.

पाचव्या दिवशी साहेब तपासणीला आले. माती बघून भडकले. फरशी धुवून घेतली, दाराला कुलूप लावलं आणि भाऊंना आत पाऊल टाकायची बंदी केली. भाऊ त्यांच्या पाया पडले. पन्नाशीचा माणूस, सहा डुकरांसाठी! मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो. सरकारी नोकरी मलाही होती. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

आठ-दहा दिवसांत सहाही गेली. साहेबांनी 'साथीचा रोग' असं लिहिलं आणि केंद्र बंद केलं.

त्या संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसले होते. समजूत काढायची म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, डुकरंच ती."

ते म्हणाले, "माही चिमी तुमी नाई पाह्यली, गुरुजी."

त्यांना मुलगी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बायको बाळंतपणात गेली. लेकीला त्यांनी एकट्यानं वाढवलं, गाईच्या दुधावर. दुसरं काही तिच्या तोंडाला लावलं नाही. दूध म्हणजे अमृत, हे त्यांनीच गावाला सांगितलेलं.

"अशी गोलमटोल, गोरी. बाया दिष्ट काढत. मी कडेवर घेऊन मिरवत होतो. पन ते पोरगी अंगणात जाय अन् माती खाय. म्या मारलं तिले. हात बांधून ठेवले फडक्यानं. तरी भिंतीले तोंड लावे. तिले काय पाह्यजे होतं थे ते सांगून राह्यली होती, गुरुजी, मले समजलं नाई. मंग एक दिवस धाप लागली. या पिल्लायसारखीच. दोन वर्साची बी नव्हती."

"लहान लेकरं खातातच माती, भाऊ," मी कसंबसं म्हणालो.

"तिनं खाल्ली थे बराबर खाल्ली," ते म्हणाले. "खरी माती त म्या खाल्ली, गुरुजी."