पाच स्पीकर आणि एक टोपी

मेकॅनिकला बोलवायचं नाही, असं नाथाजी सुभेदारांनी सकाळी आठ वाजता ठरवलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. फौजेत बावीस वर्षं ते सिग्नलला होते. लडाखच्या बर्फात उभं राहून त्यांनी टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या (असं ते सांगत, पलूसमधून बघायला कोणी गेलं नव्हतं). मग मुलानं, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या विश्वजीतनं, परदेशातून धाडलेला सीडी प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर जोडायला दुसरा माणूस कशाला हवा?

घरातल्या टीव्हीचा स्वतःचा स्पीकर उंदरांनी केव्हाच कुरतडला होता. आवाज आता अॅम्प्लिफायरमधूनच यायचा होता. आणि तो आजच यायला हवा होता, कारण लेकीचे सासरे कोंडीबा दुपारी म्हसवडहून लग्नाची सीडी बघायला येणार होते.

"आवं, जोतीरामला बोलवा की," पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या.

"चार तारा जोडाय जोतीराम? गावात तोंड दाखवू का नको?"

 विजयमालाबाईंनी शेजारणीकरवी जोतीरामला गुपचूप निरोप धाडला आणि त्या मागं चुलीकडं पुरणाला लागल्या. संसाराला तीस वर्षं झाली होती.

अकरापर्यंत सुभेदारांनी सगळ्या तारा सगळ्या भोकांत घालून पाहिल्या. प्लेअरच्या पाठीमागं एक बारका खटका होता, एका बाजूला आपल्याकडच्या टीव्हीसाठी, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या टीव्हीसाठी. वस्तू परदेशी, म्हणून सुभेदारांनी तो विचारपूर्वक अमेरिकेकडं सरकवला. त्याबरोबर टीव्हीवर लग्न सुरू झालं, पण काळंपांढरं, आणि वऱ्हाड खालून वर, खालून वर पळत सुटलेलं. आवाज मात्र पाची स्पीकरांतून असा खणखणीत आला की सुभेदारांची छाती फुगली. सनई झाली, मंगलाष्टकं झाली. आणि मग पाची दिशांनी एक ओळखीचा आवाज म्हणाला:

"व्याह्याचं टाळकं बघितलंस का? दोन फेटं सोडलं तरी बसंना. आत काय पेंड भरलीया का काय!"

आवाज सुभेदारांचाच होता. लग्न लागल्यावर आहेराचे फेटे बांधताना ते चुलतभावाच्या कानात कुजबुजले होते, आणि शूटिंगवाला नेमका पाठीशी उभा होता.

त्यांच्या पाचावर धारण बसली. लेक शिवांजली नांदायला जाऊन तीन महिने झाले नव्हते. बापाच्या जिभेपायी पोरीला आयुष्यभर पेंडीवरनं ऐकून घ्यावं लागणार, असं त्यांना दिसू लागलं. स्वतःची जीभ तोडून टाकावी, असं त्यांना वाटलं. पण जीभ तोडण्यापेक्षा तार काढणं सोपं होतं. प्लेअरमधून अॅम्प्लिफायरला जाणारी आवाजाची तार त्यांनी उपसली. लपवायला जागा शोधतायत तोवर दारात जोतीराम हजर. सुभेदारांनी तारेचं वेटोळं केलं, डोक्यावर ठेवलं आणि वरून गांधी टोपी दाबली.

जोतीरामनं खटका सरकवला. चित्र रंगीत झालं आणि वऱ्हाड जागच्या जागी उभं राहिलं. त्याला अर्धं मिनिट लागलं. (सुभेदारांना तीन तास लागले होते, पण ते लडाख नव्हतं.)

"आवाजाची तार कुठाय, सुभेदार?"

"आलीच न्हाई."

"दुसरी चालायची न्हाई गड्या. ह्या अॅम्पची पिनच आगळी हाय. सांगलीत बी मिळायची न्हाई, पुण्यास्नंच आणाय लागंल."

"अरं अरं," सुभेदार म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. जोतीरामला त्यांनी आग्रहानं पुरणपोळी वाढली.

दुपारी कोंडीबा आले. जेवणं झाली, आणि तार आलीच नाही असं सांगून सुभेदारांनी मुकं लग्न सुरू केलं. मंगलाष्टकं आली तेव्हा ती सुभेदारांनी स्वतःच म्हटली. पडद्यावर फेट्यांचा प्रसंग आला. पडद्यावरचे सुभेदार चुलतभावाच्या कानाशी लागले.

"हितं काय म्हणत हुता, पाव्हणं?" कोंडीबांनी विचारलं.

"हितं? म्हणत हुतो, व्याह्यांस्नी फेटा काय शोभतोय!"

"व्हय, व्हय," कोंडीबा म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

सीडी संपली. सुभेदारांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तीनदा चहा सांगितला. निघायच्या वेळी विजयमालाबाईंनी कुंकवाचा करंडा आणला. सुभेदारांनी कोंडीबांना टॉवेल दिला, नवी टोपी घातली. ती टोपी डोक्यावर टेकली नुसती, बसली नाही. मग रिवाजाप्रमाणं कोंडीबांनीही पिशवीतून कोरी टोपी काढली.

"असू द्या, असू द्या, हातात द्या," सुभेदार मागं सरकत म्हणाले.

"आसं कसं? आहेर हाय," म्हणत कोंडीबांनी त्यांची जुनी टोपी उचलली.

तार उलगडत खाली आली आणि लाल-पांढऱ्या पिना सुभेदारांच्या दोन्ही कानांवर लोंबू लागल्या. विजयमालाबाईंनी करंडा खाली ठेवला.

कोंडीबांनी तार हातात घेऊन नीट न्याहाळली. "आमच्या धाकट्यानं बी मुंबईस्नं प्लेअर आणलाय. शूटिंगवाल्यानं आमास्नी बी एक सीडी दिली. चार येळा बघितली. आमच्याकडं आवाज लय झ्याक येतोय."

सुभेदारांनी बिचकत विचारलं, "पोरीला... कुणी काय बोललं?"

"तिला कोण बोलतंय? तीच तेवढं मागं घेऊन घेऊन लावती आणि पोट धरून हसती. लय गुणाची हाय पोर."

सुभेदारांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी व्याह्यांचे दोन्ही हात धरले. "चुकलो, पाव्हणं."

"ऱ्हाऊ द्या वं," कोंडीबांनी नवी टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि तार हातात दिली. "माझ्या डोक्यात पेंड, तुमच्या डोक्यात तार. रिकामं तर कुणाचंच न्हाई."