यजमान कुटुंबाचा अभिप्राय

सन २००३ च्या मार्च महिन्यात श्री. शिवहार नामाजी यांची, शेळीपालनाचं ज्ञान देण्यासाठी, दोन वर्षं झांबियात स्वयंसेवक म्हणून निवड झाली. अर्जात त्यानं 'पिढीजात शेळीपालक' असं लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. आजा शेळ्यांमागं फिरला, बाप थोडा फिरून थकला, माय अजून फिरतच होती. शिवहार तेवढा पदवीधर असल्यानं शेळीच्या वाटेला गेला नव्हता. जवळा बाजारच्या हॉटेलात चहा पीत, जगाची सेवा कशी करावी यावर मात्र तो तासतासभर बोलायचा.

पाठवणाऱ्या संस्थेची एक अट होती. जाण्याआधी उमेदवारानं एका अपरिचित, मागास गावात महिनाभर सराव करायचा, आणि तोही शेळ्या पाळणाऱ्या घरी राहून. प्रशिक्षण अधिकारी पुनमचंद साहेबांनी मागास गावांची यादी काढली. पहिलंच नाव शिवहारच्या गावाचं निघालं, आणि गावात शेळ्यांचं घर एकच, त्याचं.

"साहेब, हे तर माझंच गाव. अपरिचित कसं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "गावात आजवर कोणाचं काही काम केलंय तुम्ही?"

"न्हाई."

"घरात?"

शिवहारनं बराच वेळ आठवून पाहिलं. "न्हाई."

"मग अपरिचितच की!" साहेबांनी शिक्का मारला. आता बोला!

तर असा हा शिवहार पिशवी घेऊन आपल्याच दारात परका म्हणून उभा राहिला. संस्थेच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे त्यानं वाकून नमस्कार केला आणि सर्वेक्षणाचा तक्ता उघडला.

"पाणी कोण भरतं?"

"काहून, तुला ठाव न्हाई?" सिंधूबाई, म्हणजे त्याची माय, चुलीपुढून म्हणाली. "मी."

"शेळ्या कोण चारतं?"

"मीच की."

"घरातले पुरुष काय करतात?"

"एक पारावर बसून राहिला, दुसरा इचारून राहिला."

शिवहारनं दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे केल्या.

पुस्तिकेचा पुढचा धडा: यजमानांची रोजची कामं स्वतः करावीत. पहिल्या दिवशी पाण्याच्या तिसऱ्या खेपेलाच त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेळ्यांनी तर त्याला सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यापर्यंत पळवलं. "पदवी दाखव की त्यायला!" त्याचा बाप नामाजी पारावरून ओरडला. पण लाज माणसाला काय काय शिकवते! पंधरा दिवसांत खांदा घागरीला सरावला, शेळ्या हाकेला येऊ लागल्या, आणि सिंधूबाई वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची आडवी झाली. "गुडघा दुखायचा थांबला रे लेकरा," ती म्हणाली, तसं शिवहारला रडूच फुटलं. एवढा घोडा झालेला माणूस, शेळ्यांदेखत रडला.

महिना संपला. साहेब अभिप्रायाचा अंतिम नमुना घेऊन आले. त्यात प्रश्न एकच: 'स्वयंसेवक निघून गेल्यास यजमान कुटुंबाचे नुकसान होईल काय?' उत्तर 'होय' आलं तर स्वयंसेवक उपयुक्त, सबब झांबियाला रवाना. 'नाही' आलं तर निरुपयोगी, सबब घरी.

सिंधूबाईनं ते दोनदा समजून घेतलं. "म्हंजे मी खरं बोलले की पोरगं जाणार, अन् खोटं बोलले की माझ्यापाशी राहणार?"

"नियमच तसा आहे, बाई."

माय लेकाकडं बघत राहिली. शिवहारला वाटलं, आपणच म्हणावं, साहेब, राहतो मी. शब्द ओठांवर आलाही होता. पण पासपोर्ट खिशात होता, आणि बाहेर गावानं सत्काराचा मांडव घातला होता. त्यानं शब्द गिळला आणि खिसा चाचपला.

मायनं ते ओळखलं. "व्हय," ती म्हणाली, "लई नुकसान होईल." आणि तिनं अंगठा उठवला.

शिवहार पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झाला आणि गेला. संस्था मात्र नियमाला पक्की. नुकसानीची दखल घेऊन तिनं तीन महिन्यांनी सिंधूबाईला पत्र धाडलं: सदर कुटुंब सेवेस पात्र ठरत असून परदेशी स्वयंसेवक उपलब्ध होताच पाठवण्यात येईल, तोवर गावातल्याच एखाद्या तरुणाची मदत घ्यावी.

गावात तरुणांना काय तोटा! चांगले चाळीस-पन्नास होते. सगळे झांबियाचा अर्ज भरून राहिले होते.

अर्ज अजून मिळतात. तुमच्या पोरासाठीही एक बाजूला ठेवलाय. भरताना त्याच्या आईला तेवढी हाक मारू नका; ती कामात असेल.