कासमभाईंचं वायरिंग

झाडाला तार गुंडाळायला बसण्याआधी घराचा मेन स्विच बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. करंजाड्यात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे कासमभाई. मी म्हटलं, "अहो, झाडात करंट कुठून येणार?" तर म्हणाले, "सर, बावीस वर्षं मस्कतला वायरिंग केलं. मेन बंद केल्याशिवाय हात पुढं जातच नाय."

ते मस्कतहून कायमचे परतले, त्याच्या आदल्या वर्षीच त्यांची बायको गेली होती. एकुलती एक मुलगी शबाना लग्न होऊन दोह्याला. चार दिवस त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे पंखे दुरुस्त केले, मग पंखेही संपले. एक दिवस ड्रेनेजच्या पाइपाला फुटलेलं वडाचं रोप त्यांनी उपटून आणलं, पसरट कुंडीत लावलं आणि कामोठ्यात बोन्सायच्या क्लासला नाव घातलं. सोबतीला मलाही नेलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी अॅल्युमिनियमची तार दाखवली आणि फांदीला वळण द्यायला ती तिरकी कशी गुंडाळायची ते सांगू लागल्या. कासमभाईंचा हात वर.

"मॅडम, वायरिंग आमाला नका शिकवू. झाड कसं वाढतं तेवढं सांगा."

पुढच्या रविवारी ते जुन्या केबलमधली तांब्याची तार सोलून घेऊन आले. खोड म्हणजे मेन लाइन, फांद्या म्हणजे पॉइंट. "लोड बघून वाकवायचं," असं सगळ्यांना समजावत त्यांनी वरची फांदी वाकवली. काडकन मोडली. कासमभाईंनी मोडकी फांदी खिशात घातली. "हा पॉइंट कॅन्सल."

पण ते शिकले. दोन्ही अंगठे फांदीखाली टेकवून, आज थोडी, आठवड्यानं आणखी थोडी. "भिंतीला ठोकावं लागतं," मला म्हणायचे, "हे ऐकतं. फक्त घाई चालत नाय." तार काढताना उलटी सोडवायची नाही, तुकडे तुकडे करून कापायची, हेही त्यांनी मला चारदा शिकवलं. रोज सकाळी कुंडी घेऊन माझी बेल वाजवायचे. "सर, बघा, तार रुतत तर नाय?" तार सालीत रुतायला कित्येक आठवडे लागतात, हे आता मलाही कळत होतं. मी रोज चष्मा लावून बघायचो. मग चहा व्हायचा.

तिसऱ्या वर्षी पनवेलच्या एका प्रदर्शनात झाड ठेवायचं ठरलं. मॅडम मुद्दाम घरी येऊन बघून गेल्या. झाड खरोखर देखणं झालं होतं. फक्त डावीकडची खालची फांदी भलतीच वेडीवाकडी, बाहेर जाऊन परत आत वळलेली.

"एवढी काढून टाका," मॅडम म्हणाल्या. "बक्षीस तुमचंच."

कासमभाईंनी कात्री उचलली. फांदीला लावली. मग खाली ठेवली. "ही राहील."

"अहो, गुण कापतील."

"कापू द्या."

मॅडम गेल्यावर मी कारण विचारलं. ते बराच वेळ कुंडीतली वाळलेली पानं वेचत राहिले.

"शबाना मागं सुट्टीला आलेली ना, तिनं वाकवली ही. तार उलटी गुंडाळत होती पोरगी. मी बघत होतो, बोललो नाय." मग म्हणाले, "मी दोन वर्षांतून महिनाभर यायचो. आता ती तशीच येते. तिची शाळा, आजारपण, सगळं तिच्या अम्मीनं केलं. आमी बापलेकीनं मिळून केलेलं काम एवढंच हाय, सर."

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक त्या फांदीपाशी थांबले, कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले. कासमभाईंनी माझ्या हातात मोबाइल दिला. "फोटो काढा. तिला पाठवायचाय."

केसांवरून हात फिरवून ते झाडाशेजारी ताठ उभे राहिले. मग, ती फांदी आपल्याआड जातेय असं वाटून, एक पाऊल मागे सरकले.